गाडीची चकाकी आणि स्वस्तातले मशीन

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आमची ताई सकाळीच घरी आली. चहा घेतला नाही, खाली बसलीही नाही. "तुझ्या भाच्यानं सरांच्या गाडीचा रंग जाळला," एवढेच म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

ताईचे रडणे उगाच नव्हते. भाचा नाशिकच्या सातपूर भागातल्या एका कारखान्यात कंत्राटावर हेल्पर होता. कंत्राट संपले तसे त्याने लोकांच्या दारात जाऊन गाड्या धुण्याचे आणि पॉलिश करण्याचे काम धरले. सहा-सात महिने मित्राचे मशीन मागून आणून भागवले. मग ताईने बचत गटातून कर्ज उचलले आणि त्याला स्वतःचे मशीन घेऊन दिले. फोर्स्ड रोटेशन जातीचे, म्हणजे ज्याचे पॅड गिअरवर सक्तीने फिरते असे. नामांकित कंपनीचे नव्हे, त्याच घडणीचे स्वस्तातले. चौथा हप्ता भरायचा होता आणि पोराने गल्लीतल्याच निवृत्त मुख्याध्यापकांच्या काळ्या गाडीच्या डाव्या फेंडरवर, अगदी कडेला, करंगळीएवढा राखी डाग पाडून ठेवला होता. सरांनी ही जुनी गाडी निवृत्तीनंतर मोठ्या हौसेने घेतलेली. त्यांच्या घराण्यातली ही पहिलीच मोटार.

गल्लीने निकाल लगेच दिला : स्वस्तातली वस्तू, ती अशीच दगा देणार. खरे सांगायचे तर आम्हालाही तसेच वाटले होते. आम्ही भाच्याला मशीनसकट उचलले आणि सातपूरलाच डेंटिंग-पेंटिंगचे शेड चालवणाऱ्या एका ओळखीच्या मिस्त्रींकडे घेऊन गेलो. त्यांनी मशीन उलटे धरले, चालू केले, कान लावून ऐकले, प्लेट हाताने हलवून पाहिली आणि म्हणाले, "मशीनला काही झालेलं नाही. हे थांबत नसतं, एवढंच याला कुणी सांगितलं नाही."

त्यानंतर लागोपाठ तीन रविवार आम्ही त्या शेडमध्ये काढले. जे पाहिले आणि समजून घेतले ते इथे मांडतो आहोत, कारण हल्ली आपली कितीतरी मुले हे मशीन घेऊन या धंद्यात उतरत आहेत. घरात गाडी असलेल्या वाचकांनाही यातले काही उपयोगी पडेल.

रंग म्हणजे किती जाड?

आजच्या गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर रंगहीन क्लिअर कोट असतो. हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. १,००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर. त्यात वरचा क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. वर्तमानपत्राचा साधा कागद साधारण ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे रद्दीतल्या एका पानापेक्षाही पातळ थरावर हा सगळा खेळ चालतो. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारी द्रव्येही याच थरात असतात. तो फार झिजला की काही वर्षांत टपावर आणि बॉनेटवर पांढरे पोपडे सुटू लागतात.

पॉलिश केल्याने गाडीला चमक "येते" असे आपण म्हणतो, पण वरून काही येत नाही. उन्हात काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या बारीक रेघा दिसतात त्या क्लिअर कोटमधल्या सऱ्या आहेत. कंपाउंड आणि पॅड सऱ्यांच्या आजूबाजूची जमीन खाली आणतात, सरीच्या तळापर्यंत. शेत सपाट झाले की उजेड सरळ परततो आणि आपल्याला चमक दिसते. जोरकस कंपाउंडच्या एका फेरीत १ ते ४ मायक्रॉन सहज जातात. नुसत्या बारीक पॉलिशमध्ये त्याहून कमी. गेलेले परत येत नाही.

बरे, या रेघा पडतात कशाने? बहुतेक वेळा पुसण्यानेच. सोसायटीतला गाड्या पुसणारा माणूस एका बादलीत दहा गाड्या उरकतो. दोष त्याचा नाही. महिन्याला हातावर जे टेकवले जाते त्यात त्याने दहा बादल्या आणि दहा स्वच्छ फडकी कुठून आणायची? पण त्या फडक्यातली धूळच गाडीवर रेघा ओढत असते.

तीन मशीन, तीन स्वभाव

पॉलिशची मशीन मुख्यतः तीन प्रकारची. पहिले गॅरेजमधले जुने बफिंग मशीन, म्हणजे रोटरी. ते एकाच आसाभोवती गरगर फिरते. कापते झपाट्याने, तापवतेही झपाट्याने. सराईत हातात सोने, नवख्याच्या हातात घात. नीट न चालवल्यास उन्हात सावल्यांसारखे वळणदार पट्टे दिसतात, त्यांना मुले होलोग्राम म्हणतात.

दुसरे साधे ड्युअल ॲक्शन, मुलांच्या भाषेत डीए. यात पॅड मध्यापासून थोडे सरकवून बसवलेले असते, त्यामुळे ते हेलकावे घेत गोल जाते. त्याचे स्वतःभोवतीचे फिरणे मात्र मोकळ्या बेअरिंगवर सोडलेले असते. जास्त दाबले किंवा तिरपे धरले की फिरणे बंद पडते, नुसते थरथरणे उरते. म्हणून ते नवख्याला सुरक्षित. पण फेंडरच्या किंवा दाराच्या वळणावर वारंवार अडते आणि काम पुढे सरकत नाही.

तिसरे हे फोर्स्ड रोटेशन. यात हेलकावा आणि फिरणे दोन्ही गिअरच्या दात्यांनी बांधलेले असतात. जुन्या पिठाच्या गिरणीत दळण जास्त झाले की पट्टा घसरायचा आणि जाते मंदावायचे, आठवते का? साधे डीए तसे आहे. फोर्स्ड रोटेशनमध्ये पट्टा नाही, दातेरी चाक आहे. ते घसरत नाही. या जातीत जर्मनीच्या फ्लेक्स कंपनीचे एक्ससी ३४०१ हे मशीन जगभर नावाजलेले. त्याचा हेलकावा ८ मिलिमीटरचा, मिनिटाला ३,२०० ते ९,६०० हेलकावे आणि त्याच वेळी १६० ते ४८० फेरे. भागून पाहा, २० हेलकाव्यांना बरोबर एक फेरा, दाबले तरी आणि न दाबले तरी. बाजारात आज मिळणारी स्वस्त मशीन बरीचशी याच धर्तीवर बेतलेली आहेत. (फ्लेक्स म्हणजे १९५४ मध्ये अँगल ग्राइंडर आणणारी कंपनी. जर्मन कारागीर आजही ग्राइंडरला 'फ्लेक्स'च म्हणतात, जसे आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो.)

आता भाच्याची चूक कुठे झाली ते लक्षात येईल. मित्राच्या साध्या डीएवर त्याचा हात बसला होता. तिथे जोर जास्त झाला की पॅडच थांबून सांगायचे, बाबा रे, पुरे. त्या थांबण्याची त्याला सवय झाली होती. नव्या मशीनवर फेंडरच्या कडेला त्याने तसाच अंगाचा भार दिला. पॅड थांबले नाही. आणि कडेला रंग मुळातच कमी असतो, कारण ओला रंग धारेवरून आपोआप मागे ओढला जातो. त्यातून सगळा दाब त्या एका रेघेवर आलेला.

मिस्त्रींनी हे आम्हाला दाखवूनच दिले. शेडच्या मागे भंगारात पडलेले एक बॉनेट आणले, धुतले आणि भाच्याला म्हणाले, "जाळ." पोरगा बावरला. "जाळ रे, कसं जळतं ते एकदा हाताला कळू दे." भाच्याने कडेवर पॅड तिरपे धरून दाबले. आम्ही घड्याळ लावले नव्हते, पण शेडमधल्या मुलाने चार कपांत चहा ओतेपर्यंत क्लिअर कोट गेला, रंग गेला आणि प्रायमर डोकावू लागला. मग त्याच बॉनेटच्या मधोमध, सपाट धरून, मशीनच्या नुसत्या वजनावर त्यांनी चालवायला लावले. तिथे बराच वेळ काही बिघडले नाही. रेघा मात्र गेल्या. मशीन तेच, पोरगा तोच.

स्वस्त म्हणजे काय काय कमी?

स्वस्त मशीनची आम्ही भलावण करत नाही. फरक आहेच. थरथर जास्त, तासाभराने बोटांना मुंग्या येतात. डोके लवकर तापते. भार पडला की काहींचा वेग उतरतो, महाग मशीन तो धरून ठेवते. वायर आखूड आणि ताठ असते. मागे चिकटणारी प्लेट हलक्या दर्जाची निघाली तर उष्णतेने तिचे काटे वितळतात आणि पॅड भिरकावले जाते. शिवाय साध्या डीएची प्लेट याला सहसा बसत नाही, तेव्हा जादा प्लेट आणि कार्बन मिळतात की नाही हे घेण्यापूर्वीच विचारावे. मिस्त्रींचा आणखी एक सल्ला : नवे मशीन आधी जुन्या पत्र्यावर दहा मिनिटे चालवावे. डोक्यातून ग्रीस उडत असेल तर ते तिथे उडेल, गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या गाडीवर नाही. प्लेटचा स्क्रूही आवळून पाहावा.

पण वाचलेले पैसे कुठे घालायचे हे कळले तर स्वस्त मशीनवर चोख काम निघते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. भाच्याकडे पॅड दोनच होती. पूर्ण गाडीला कापणारी निदान चार-पाच आणि शेवटची सफाई करणारी दोन-तीन तरी हवीत, कारण पॅड घाण आणि गरम झाले की ते पॉलिश करत नाही, घासते. दुसरी वस्तू, रंगाची जाडी मोजणारे यंत्र. मिस्त्रींनी ते सरांच्या गाडीवर फिरवले. बॉनेटवर ११२, टपावर १०५, डाव्या फेंडरवर मध्ये ९६ आणि कडेला येता येता आकडा झरझर उतरला. उजव्या मागच्या दारावर एकदम २६०. म्हणजे ते दार आधी कधीतरी रंगवलेले, विकणाऱ्याने सरांना सांगितले नव्हते! लांबी भरलेली असेल तर आकडा याच्याही कितीतरी वर जातो. मात्र हे साधे यंत्र पत्र्यावरच चालते, प्लॅस्टिकच्या बंपरवर नाही, आणि ते सगळ्या थरांची मिळून जाडी सांगते, एकट्या क्लिअर कोटची नाही. ८० च्या खाली आकडा दिसला तर कंपाउंड लावूच नये असा मिस्त्रींचा शेडमधला नियम आहे.

काम करण्याची रीत

सुरुवात पाण्याने. गाडी दोन बादल्यांनी धुवायची, एकीत शाम्पू, दुसरीत हात खळबळायला साधे पाणी. मग क्ले, म्हणजे मळलेल्या कणकेसारखा एक मऊ गोळा असतो, तो साबणपाण्यावर हलक्या हाताने फिरवायचा. रंगात रुतलेले लोखंडाचे आणि डांबराचे कण त्याला चिकटून येतात. एमआयडीसीत उभ्या राहणाऱ्या गाडीवर किती निघतात ते एकदा पाहाच. गाडी कोरडी करायची आणि मग कडा, उठावाच्या धारा, रबराच्या पट्ट्या यांवर चिकटपट्टी लावायची. भाच्याने ही पायरी वेळ वाचवायला गाळली होती. पट्टी लावायला अर्धा तास लागतो. फेंडर पुन्हा रंगवायला किती लागतो ते त्याला आता विचारा.

मग सगळी गाडी नाही, एक हातभर चौकोन. तिथे सर्वांत सौम्य पॅड आणि सौम्य पॉलिश लावून पाहायचे. रेघा गेल्या तर तेच पुरे. न गेल्या तरच एक पायरी वर. पहिल्यापासून जहाल कंपाउंड लावणारा आपली मजुरी वाचवतो आणि गिऱ्हाइकाचा रंग खर्च करतो.

पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, जास्त नको. मशीन रंगावर टेकवूनच चालू करायचे, हवेत चालू केले की थेंब भिंतीवर. कमी वेगावर पसरून घ्यायचे, मग वेग मधल्या आकड्यावर न्यायचा आणि हात हळू, सेकंदाला साधारण इंचभर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत न्यायचा. आधी आडवे, मग उभे. अशा चार-पाच फेऱ्या. ताकद लावायची नाही, मशीनचे वजन आणि वर हाताचा थोडा भार. पॅड सपाट. या मशीनला एका बाजूला पळण्याची खोड असते, त्याच्याशी कुस्ती न खेळता ते कुठे जाते ते ओळखून पट्टा आखायचा. साधे डीए चालवलेल्या माणसाला याला पहिले दोन दिवस फार जड जातात. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडायचे आणि रंगावर उलटा हात ठेवून पाहायचे. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. बंपरवर तर दुप्पट सावध, कारण पत्रा उष्णता पसरवतो, प्लॅस्टिक ती जागच्या जागी धरून बसते.

शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसायचे आणि मग विजेरीच्या उजेडात पाहायचे. हे पुसणे प्रामाणिकपणाचे आहे. काही ठिकाणी लस्टर फासून गाडी देतात. त्यातले तेल आणि मेण रेघांमध्ये भरून बसते, गिऱ्हाईक खूश होते आणि दोन-तीन धुण्यांत जाळे जसेच्या तसे वर येते. तेल काढून टाकल्यावर जे दिसते तेच खरे काम.

विजेबद्दल एक शब्द, कारण आम्हाला तिथे धसका बसला. ओल्या अंगणात उघडा एक्स्टेंशन बोर्ड टाकून ही मुले काम करतात. तीन पिनांचे, अर्थिंग असलेले प्लग, बोर्ड उंचावर आणि वायर नेहमी खांद्यावरून मागे. वायर खांद्यावर असली की ती रंगावर घासतही नाही. तोंडाला मास्क हवा.

आमच्या चुलत्यांना, आप्पांना, हे सगळे नाटक वाटते. आप्पांनी मुंबईत पंचवीस-तीस वर्षे काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी चालवली. दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी रबिंग कंपाउंड घेऊन ते हाताने टॅक्सी घासायचे. "फडकं काळंभोर व्हायचं, पण कधी काही जळलं नाही. पट्टी नाही आणि मीटर नाही," ते म्हणतात. आप्पा खोटे बोलत नाहीत. त्या गाड्यांवर क्लिअर कोट नव्हताच, रंगच वरचा थर होता, आणि मनुष्याचा हात मशीनसारखा तापवत नाही. फडक्याला लागायचा तो टॅक्सीचाच रंग. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ मधली, वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. पण आप्पांचे फडके आजही कामाचे आहे. जुन्या गाडीवर क्लिअर कोट आहे की नाही हे ओळखायचे असेल तर आडोशाच्या जागी पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर क्लिअर कोट नाही. मिस्त्रीही तेच करतात. आप्पांना हे सांगितले तेव्हा त्यांनी "मग!" एवढेच म्हटले आणि दिवसभर खुशीत होते.

सरांच्या फेंडरचे काय झाले? करंगळीएवढा डाग करंगळीएवढाच रंगवता येत नाही, नव्या-जुन्याची रेघ दिसते. पूर्ण फेंडर रंगवावे लागले. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही, फक्त रंगाचे आणि लॅकरचे पैसे घेतले, आणि बदल्यात भाच्याने पाच दिवस त्यांच्या शेडमध्ये पेपर मारायचा असे ठरले. सरांकडे जाताना भाच्याची पावले अडखळत होती. आम्ही सोबत गेलो, पण बोललो नाही.

"सर, चूक माझी होती. मशीनची नव्हती," तो म्हणाला. "मी कड न झाकता दाबलं. फेंडर रंगवून आणलंय. बाकीच्या गाडीचे पैसे घेणार नाही."

सरांनी चष्मा चढवला, फेंडरवर वाकून पाहिले, बोट फिरवले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"नव्या रंगावर इतक्यात पॉलिश करतोस की थांबतोस?"

"थांबतो, सर. मिस्त्री म्हणाले, महिनाभर तरी तो आतून मुरू द्यायचा."

"आणि बॉनेट?"

"बॉनेट आज करू शकतो. ११२ आकडा आहे."

सरांनी खिशातून किल्ली काढून त्याच्या हातात दिली. भाचा अंगणात गुडघ्यावर बसला आणि बॉनेटच्या कडेला निळी पट्टी लावू लागला. चारही बाजूंनी, सावकाश, कोपऱ्यावर नखाने दाबत. सर बाजूला खुर्ची टाकून बसले. पट्टी पूर्ण झाल्यावर म्हणाले, "पैसे घ्यावे लागतील. फुकटचं काम मी शाळेतही कुणाकडून करून घेतलं नाही." त्या महिन्याचा हप्ता ताईने वेळेवर भरला.